काम थांबलेल्या किडनीकडेही लक्ष असू द्या



मी रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय यांची चित्रे वाचून अहवाल लिहिणारी डॉक्टर. नंदुरबार जिल्ह्यात हे काम करायला लागून मला बरीच वर्षे झाली. आपल्यापैकी अनेक जण डायलिसिसवरच्या रुग्णांना औषधांसाठी आणि गाडीभाड्यासाठी हातभार लावतात. या रुग्णांच्या बाबतीत एक गोष्ट सहज विसरली जाते. मीही ती विसरले होते, म्हणून हा लेख लिहीत आहे.

धडगाव तालुक्यातील एका पाड्यावरचे एक शेतकरी सहा वर्षे डायलिसिसवर होते. वय चाळिशीच्या आसपास. नाव सांगत नाही. आम्ही त्यांना दादा म्हणतो. आठवड्यातून दोनदा पहाटे अंधारात पाड्यावरून निघायचे, जीपने धडगाव, तिथून शहादा आणि पुढे नंदुरबार. चार तास यंत्रावर, आणि रात्री घरी. बरोबर त्यांच्या पत्नी. त्या आपली एक किडनी दादांना द्यायला तयार आहेत.

या सहा वर्षांत मी दादांची सोनोग्राफी दोनदा केली. दोन्ही वेळा कारण वेगळे होते. एकदा पोटात पाणी झाले होते, एकदा पित्ताशयात खडे आहेत का ते पाहायचे होते. दोन्ही अहवालांत किडनीबद्दल मी एकच ओळ लिहिली : "दोन्ही किडन्या आकाराने लहान, त्यांत काही सिस्ट." डायलिसिसच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या अहवालात ही ओळ असते. मी गाठी मोजल्या नाहीत, आणि दुसऱ्या वेळी पहिले चित्र मागितले नाही.

तिसऱ्या वेळी दादा डाव्या कुशीत दुखते म्हणून आले. वहिनी म्हणाल्या, "ताई, लघवी तर यांना कधीपासूनच होत नाही. जी किडनी कामच करत नाही, तिच्यात दुखणार काय?"

मी यंत्र कुशीवर ठेवले. डाव्या किडनीत पाण्याच्या गाठींच्या मध्ये तीन सेंटिमीटरची एक भरीव गाठ होती. वहिनींनी प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे जुने कागद जपून ठेवले होते. त्यांतले माझेच मागच्या वेळचे चित्र काढून पाहिले. त्याच जागी एक लहान ठिपका होता. तेव्हा तो माझ्यासमोर होता आणि मी तो पाहिला नव्हता.

डायलिसिस सुरू झाले तरी किडनी शरीरातच असते

वहिनींचा प्रश्न बरोबरच होता, आणि अनेक शिकलेली माणसेही तो विचारतात. डायलिसिसचे यंत्र किडनीचे काम करते, पण जुन्या किडन्या काढत नाही. त्या जागेवरच असतात. निरोगी माणसाची किडनी साधारण दहा-अकरा सेंटिमीटर लांब असते. निकामी झालेली किडनी आक्रसत सहा-सात सेंटिमीटरवर येते. तिच्यातला रक्तपुरवठा कमी होतो, पण पेशी जिवंत असतात. वर्षे जातात तशा तिच्यात पाण्याने भरलेल्या लहान लहान पोकळ्या तयार होतात. त्यांना सिस्ट म्हणतात.

हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवले ते इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी. डनिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली, दीर्घकाळ डायलिसिसवर राहून मरण पावलेल्या रुग्णांच्या किडन्या तपासल्या. जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या किडन्यांत अशा गाठी होत्या, आणि काहींत कर्करोगाच्या भरीव गाठीही होत्या. पुढे जपानमध्ये इशिकावा या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे देशभरातील डायलिसिस केंद्रांकडून अशा कर्करोगांची माहिती गोळा केली. जपानमध्ये मृत व्यक्तीच्या किडनीचे प्रत्यारोपण फार कमी होते, त्यामुळे वीस-वीस वर्षे डायलिसिसवर असणारी माणसे तिथे पुष्कळ आहेत. डायलिसिसचा काळ जितका लांबतो तितका हा धोका वाढतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

आज आपल्याला ढोबळमानाने असे माहीत आहे : पाच वर्षे डायलिसिस झालेल्या साधारण निम्म्या रुग्णांच्या किडन्यांत अशा सिस्ट सापडतात, आणि दहा वर्षांनंतर दहांपैकी नऊ जणांत. यातल्या थोड्याच रुग्णांना पुढे कर्करोग होतो, परंतु इतर माणसांच्या तुलनेत त्यांचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो. पुरुषांत तो स्त्रियांपेक्षा अधिक दिसतो. पोटाच्या डायलिसिसवरच्या रुग्णांनाही हे होऊ शकते. म्हणजे दोष यंत्राचा नाही. मूळ कारण निकामी किडनीच आहे. कोणीही घाबरून डायलिसिस बंद करू नये, ही माझी हात जोडून विनंती.

एक खुलासा करते. काही घराण्यांत जन्मतःच सिस्टचा आजार असतो. त्यात किडन्या खूप मोठ्या होतात आणि त्यामुळेच त्या निकामी होतात. तो आजार वेगळा. इथे आपण आधी निकामी झालेल्या आणि मग सिस्ट झालेल्या किडनीबद्दल बोलत आहोत.

हा आजार गप्प का राहतो?

एरवी किडनीच्या कर्करोगाची एक खूण म्हणजे लघवीतून रक्त जाणे. डायलिसिसच्या अनेक रुग्णांना लघवीच होत नाही, किंवा दिवसाला पेलाभर होते. मग रक्त दिसणार कुठे? कुशीत दुखले तर ते पाठदुखी समजून सोडले जाते. भूक मंदावली, वजन उतरले, तर "डायलिसिसमुळे असेल" असे आपणच म्हणतो. म्हणून अशी गाठ बहुधा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या चित्रात योगायोगाने सापडते. त्यामुळे चित्र काढणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने किडनीकडे मुद्दाम पाहायला हवे.

पहिली पायरी सोनोग्राफी

सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी वापरतात. किरणोत्सर्ग नाही, इंजेक्शन नाही, खर्च कमी, आणि तालुक्याच्या गावीही ती होऊ शकते. पाण्याची साधी गाठ पडद्यावर स्वच्छ काळी दिसते, तिची भिंत पातळ आणि गुळगुळीत असते. भरीव गाठ करडी दिसते. करड्या भागात रक्ताचा प्रवाह आहे का, हे डॉपलरने पाहता येते. प्रवाह दिसला तर संशय बळावतो.

पण सोनोग्राफीला मर्यादा आहेत. आक्रसलेली किडनी आजूबाजूच्या चरबीसारखीच पांढुरकी दिसते आणि तिची कडही नीट समजत नाही. डझनभर सिस्टच्या गर्दीत एक सेंटिमीटरची भरीव गाठ सहज लपते. सिस्टमध्ये रक्तस्राव झाला असेल तर तीही करडी दिसते आणि भरीव गाठीचा भास होतो. त्यामुळे एका चित्रावर फार विसंबता येत नाही. मागचे चित्र शेजारी ठेवले की नवे काय आणि वाढले काय, ते कळते. माझी चूक नेमकी इथे झाली.

सोनोग्राफीचे यंत्र घेऊन तुम्हीच पाड्यावर का जात नाही, असे मला काही जण विचारतात. गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या कायद्यामुळे या यंत्राची नोंदणी करावी लागते आणि ते वाटेल तिथे उचलून नेता येत नाही. कायदा योग्यच आहे. पण त्यामुळे रुग्णालाच यंत्रापर्यंत यावे लागते. डायलिसिसच्या दिवशीच सोनोग्राफी झाली तर त्यांची एक खेप वाचते.

सीटी स्कॅन आणि इंजेक्शनची भीती

सोनोग्राफीत शंका आली की पुढची तपासणी म्हणजे सीटी स्कॅन, आणि तोही रंगद्रव्याचे इंजेक्शन देऊन. या इंजेक्शनला कॉन्ट्रास्ट म्हणतात. त्यात आयोडीन असते.

याचे तत्त्व सोपे आहे. सीटी यंत्र शरीराच्या प्रत्येक भागाची घनता आकड्यात सांगते. हे यंत्र घडवणाऱ्या हाउन्सफिल्ड यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. घनतेचे एकक त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पाण्याचा आकडा शून्य. आधी इंजेक्शनाशिवाय चित्र काढतात आणि मग इंजेक्शन देऊन पुन्हा. पाण्याच्या गाठीत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिचा आकडा तसाच राहतो. कर्करोगाच्या गाठीत रक्त खेळत असते, म्हणून तिचा आकडा वाढतो. वाढ वीस किंवा त्याहून जास्त असेल तर गाठ भरीव समजतात. दहा ते वीसच्या मध्ये असेल तर नक्की सांगता येत नाही.

दादांना आम्ही मोठ्या शहरात सीटीसाठी पाठवले. तिथे रक्ताचा अहवाल पाहून सांगितले, "क्रिएटिनिन नऊ आहे, इंजेक्शन देता येणार नाही, किडनी खराब होईल." साधा सीटी काढला आणि अहवाल दिला की नीट निदान करता येत नाही. दोघेही दोन दिवस आणि उसने घेतलेले पैसे घालवून परत आले.

ही भीती सर्वत्र आहे, म्हणून नीट सांगते. किडनीचे काम अर्धवट कमी झालेल्या आणि डायलिसिसवर नसलेल्या माणसाला हे इंजेक्शन जपूनच द्यावे लागते. पण ज्याच्या किडन्या पूर्ण निकामी आहेत आणि ज्याला लघवी होत नाही, त्याच्या किडनीला आणखी इजा व्हायची शिल्लकच काय? अशा रुग्णाला गरज असेल तर इंजेक्शन देता येते. ते दिल्यावर तातडीने जादा डायलिसिस करण्याचीही गरज सहसा नसते. ठरलेल्या दिवशी केले तरी चालते. ज्यांना अजून थोडीबहुत लघवी होते, त्यांची ती उरलेली क्षमता मोलाची असते. त्यांच्या बाबतीत किडनीच्या डॉक्टरांनी फायदा-तोटा तोलून ठरवावे. पूर्वी अशा इंजेक्शनची ॲलर्जी झाली असेल किंवा हृदय कमजोर असेल तर ते आधीच सांगावे. आणि फिस्टुला असलेल्या हातात सुई टोचू देऊ नये. तो हात डायलिसिससाठी राखलेला असतो.

मी किडनीच्या डॉक्टरांशी बोलले, त्यांनी सीटी केंद्राला चिठ्ठी लिहिली, आणि दुसऱ्या खेपेला इंजेक्शनासह सीटी झाला. गाठीचा आकडा इंजेक्शनाआधी पस्तीस होता, नंतर सत्तर. शंका उरली नाही. गाठ किडनीच्या बाहेर पसरलेली नाही, हेही त्याच चित्रात दिसले.

सिस्टचे वर्गीकरण करायला आम्ही न्यूयॉर्कचे डॉ. बॉस्नियाक यांची १९८६ ची पद्धत वापरतो. अहवालात "बॉस्नियाक" हा शब्द दिसला तर दचकू नका. १ आणि २ म्हणजे निरुपद्रवी. २-एफ म्हणजे ठरावीक काळाने पुन्हा पाहायची. ३ म्हणजे संशयास्पद. ४ म्हणजे कर्करोगाची शक्यता फार मोठी. २०१९ साली ही पद्धत सुधारली आणि तीत एमआरआयचाही समावेश झाला.

एमआरआय कधी?

सीटीनेही उलगडा झाला नाही किंवा आयोडीन चालत नसेल, तर एमआरआय उपयोगी पडतो. रक्त साकळलेली सिस्ट आणि भरीव गाठ यांतला फरक तो चांगला दाखवतो. इंजेक्शनाशिवायही त्यातून बरीच माहिती मिळते. किरणोत्सर्ग नसतो.

एमआरआयच्या इंजेक्शनात गॅडोलिनियम हा धातू असतो. त्याबाबत एक दुःखद इतिहास आहे. १९९७ पासून डायलिसिसच्या काही रुग्णांची कातडी जाड व कडक होऊ लागली, सांधे आखडू लागले, काही जण दगावलेही. कारण कळत नव्हते. २००६ साली ऑस्ट्रियातील एका डॉक्टरने त्याचा संबंध गॅडोलिनियमशी जोडला. त्यानंतर काही जुनी औषधे अशा रुग्णांना देणे थांबले. आता वापरली जाणारी नवी औषधे धातूला घट्ट धरून ठेवतात, आणि त्यांच्यामुळे हा आजार होण्याचा धोका अत्यंत कमी आहे. तरीही एमआरआय केंद्रावर "रुग्ण डायलिसिसवर आहे" हे आधी सांगावे, आणि तपासणीची वेळ शक्यतो डायलिसिसच्या थोडी आधीची घ्यावी.

बुडबुड्यांची सोनोग्राफी

आणखी एक पद्धत आहे. सूक्ष्म बुडबुडे असलेले औषध शिरेतून देतात आणि सोनोग्राफी करतात. हे बुडबुडे रक्ताबरोबर फिरतात आणि जिथे रक्त खेळते तिथे चमकतात. त्यांतला वायू श्वासावाटे बाहेर पडतो, किडनीवर त्याचा भारच नाही. म्हणून डायलिसिसच्या रुग्णांसाठी ही पद्धत फार सोयीची आहे. पण एका वेळी एकच भाग पाहता येतो, त्यासाठी अनुभवी हात लागतो, आणि ही सोय मुख्यतः मोठ्या शहरांतच मिळते.

मग सर्वांचीच तपासणी करायची का?

नाही, आणि हे सांगणेही माझे कर्तव्य आहे. डायलिसिसवरचा एखादा वृद्ध रुग्ण हृदयाच्या गंभीर आजाराने थकलेला असेल, तर किडनीतली लहान गाठ शोधून त्याच्या आयुष्यात बहुधा काही भर पडत नाही. उलट तपासण्या, प्रवास, खर्च आणि चिंता वाढते. दर वर्षी सगळ्यांचे सीटी काढणे योग्य नाही.

ज्यांच्यापुढे बरीच वर्षे आहेत, त्यांच्यासाठी मात्र तपासणी मोलाची आहे : तरुण रुग्ण, बरीच वर्षे डायलिसिस झालेले, किडन्यांत सिस्ट आढळलेले, घराण्यात किडनीचा कर्करोग असलेले, आणि विशेषतः प्रत्यारोपणासाठी थांबलेले. केडिगो या किडनीविकारांवरील आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० साली प्रत्यारोपणाच्या उमेदवारांसाठी मार्गदर्शन केले. त्यात तीन किंवा अधिक वर्षे डायलिसिस झालेल्यांसारख्या जास्त धोक्याच्या उमेदवारांची सोनोग्राफी करावी असे सुचवले आहे. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घ्यावी लागतात, म्हणून कर्करोग आधीच सापडलेला बरा. नवी किडनी बसवल्यावरही जुन्या दोन बहुधा आतच राहतात, हेही लक्षात असू द्या.

गाठ लहान असताना सापडली तर उपाय बहुतेक वेळा सरळ असतो. ती किडनी तशीही काम करत नसते, त्यामुळे तिला वाचवण्याची धडपड करावी लागत नाही. शस्त्रक्रिया करून ती पूर्ण काढतात, पुष्कळदा दुर्बिणीतून.

दादांची डावी किडनी तशीच काढली. तपासणीत कर्करोग निघाला, पण तो किडनीच्या आतच होता. आज दादा पूर्वीसारखे आठवड्यातून दोनदा येतात. उजव्या किडनीवर लक्ष ठेवले आहे आणि प्रत्यारोपणाच्या तपासण्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. मी त्यांना जुने चित्र दाखवले आणि माझ्याकडून ते राहून गेले असे सांगितले. दादा काही बोलले नाहीत. वहिनी म्हणाल्या, "ताई, आता दुसरी नीट बघा."

आपण काय करू शकतो?

महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून आणि २०१६ पासून केंद्राच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून गरीब रुग्णांना मोफत डायलिसिस मिळू शकते. त्यामुळे पाड्यावरची माणसेही आता अनेक वर्षे डायलिसिसवर जगतात. ही आनंदाची गोष्ट आहे. म्हणूनच पुढच्या धोक्याकडे पाहण्याची वेळ आली आहे. आपल्या मंडळीतील किंवा ओळखीतील कोणी डायलिसिसवर असेल, तर एवढे करा.

१. डायलिसिस किती वर्षे चालू आहे ते विचारा. तीन वर्षांहून जास्त झाली असतील, तर "किडनीची सोनोग्राफी करायची का?" हा प्रश्न त्यांच्या डॉक्टरांना विचारायला सांगा.

२. जुने अहवाल आणि चित्रे एका जाड पिशवीत ठेवायला द्या. पाऊस, उंदीर, वाळवी यांपासून ती जपली पाहिजेत. प्रत्येक तपासणीला पिशवी बरोबर न्यावी आणि "मागच्या चित्राशी ताडून पाहा" असे स्पष्ट सांगावे.

३. कुशीत दुखणे, लघवीत रक्त, कारण नसताना ताप किंवा वजन घटणे, यांतले काही असेल तर थांबू नये. कुशीत अचानक जोराची कळ येऊन चक्कर आली, तर गाठीतून आत रक्तस्राव झाला असण्याची शक्यता असते. लगेच रुग्णालय गाठावे.

४. सीटीसाठी शहरात पाठवताना किडनीच्या डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर द्या : रुग्ण डायलिसिसवर आहे, लघवी होते की नाही, इंजेक्शन चालेल की नाही. या एका कागदामुळे दादांची एक खेप वाचली असती.

५. शक्य असेल तर कोणीतरी बरोबर जा. शहरातल्या रुग्णालयात पावरी किंवा भिलीत बोलणाऱ्या माणसाला कोणी "उद्या या" म्हटले, की तो मुकाट परत फिरतो. बरोबरचा माणूस "का?" असे विचारू शकतो.

मी माझ्या कामात एक बदल केला आहे. डायलिसिसचा रुग्ण कोणत्याही कारणाने माझ्यासमोर आला, तरी मी दोन्ही किडन्यांची लांबी आणि सर्वांत मोठ्या गाठीचे माप लिहिते, आणि आधी पिशवी मागते. पुष्कळ वेळा पिशवी नसते. ती असावी, यासाठी आपली मदत हवी आहे.

आपली नम्र,
एक डॉक्टर भगिनी